उन्हाळी पाखरे : नांदेड ते पैनगंगा

पक्षिनिरीक्षण हा हिवाळ्याचा छंद आहे, अशी सुशिक्षित वर्गाची सर्वसाधारण समजूत असते, आणि ती अगदीच निराधार आहे असे नाही. कार्तिक-मार्गशीर्षात थंडी पडू लागली म्हणजे उत्तरेकडून बदके, धोबी, भोरड्या इत्यादी पाहुण्या पाखरांचे थवे आपल्या जलाशयांवर व शेतांवर उतरतात. हवा सुखकर असते. दुर्बीण गळ्यात अडकवून दोन-चार मैल हिंडावयाचे म्हटले तरी जिवाला त्रास होत नाही. उलट चैत्र सरून वैशाख लागला की मराठवाड्यात पारा ४२ अंशांच्या पलीकडे जातो, आणि प्रवासास निघालेला गृहस्थ मोटारीच्या काचा वर करून मुक्कामाचे ठिकाण केव्हा येईल एवढीच वाट पाहत बसतो. बाहेर पाहण्यासारखे काही असेल ही कल्पनाही त्याला शिवत नाही. वस्तुतः त्याच काचेपलीकडे पक्ष्यांच्या वर्षातील सर्वांत महत्त्वाचे कार्य चाललेले असते. थंडीतील पक्षी पाहणे म्हणजे यात्रेची गर्दी पाहणे होय. गावचे खरे रहिवासी कोण आणि त्यांचा संसार कसा चालतो, हे पाहावयाचे तर यात्रा पांगल्यावरच गेले पाहिजे.

उदाहरणादाखल नांदेडहून हदगावमार्गे पैनगंगेपर्यंत जाणारा रस्ता घेऊ. अर्धापूर, वारंगा फाटा, हदगाव आणि पुढे उमरखेड असा हा मार्ग तुळजापूर-नागपूर महामार्गाचा एक भाग असून अलीकडच्या काळात त्याच्या चौपदरीकरणाचे मोठे काम झाले आहे. अर्धापूरच्या आसपास केळीच्या बागा लागतात. पुढे नांगरून तापत पडलेली काळी शेते येतात. त्यांच्या मधूनमधून मुरमाड माळाचे पट्टे डोके वर काढतात. हदगाव हे तालुक्याचे गाव ओलांडले की पैनगंगा येते आणि तिच्या पैलतीरी यवतमाळ जिल्हा सुरू होतो. बाग, काळी जमीन, माळ, गावठाण आणि नदी अशी पाच प्रकारची वसतिस्थाने एका सकाळच्या प्रवासात क्रमाने पाहावयास मिळतात. ज्याला पक्षी पाहावयाचे आहेत त्याला अभयारण्यातच जावे लागते असे नाही, हे या साध्या रस्त्यावरून चांगले कळते.

या मुलुखातील पक्ष्यांचा शास्त्रीय शोध घेण्याची परंपराही जुनी आहे. हदगाव हा १९४८ पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा प्रदेश होता आणि पैनगंगा ही त्या संस्थानाची व वऱ्हाडची सरहद्द होती. १९३१-३२ साली याच संस्थानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी करण्यात आली. खर्चाचा भार निजाम सरकारने उचलला आणि काम केले सालिम अली यांनी. बर्लिन येथे एर्विन श्ट्रेझेमान या नामांकित पंडिताच्या हाताखाली अभ्यास करून ते नुकतेच परतले होते आणि पदरी नोकरी नव्हती. या पाहणीचा वृत्तांत सोसायटीच्या नियतकालिकात १९३३ व १९३४ साली क्रमशः प्रसिद्ध झाला व त्याला ह्यू व्हिसलर या इंग्रज तज्ज्ञाच्या टिपणांची जोड मिळाली. त्या काळी संग्रहालयासाठी नमुने जमविणे हेच पक्षिशास्त्राचे मुख्य काम समजले जाई. सालिम अलींनी नमुने तर जमविलेच, परंतु जिवंत पक्षी कोठे राहतो, काय खातो आणि केव्हा घरटे करतो याकडेही तितकेच लक्ष दिले. पुढे १९४१ साली त्यांनी लिहिलेल्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने हीच दृष्टी सामान्य माणसाच्या हाती दिली. उन्हाळ्यात पक्षी पाहणाऱ्यास तीच उपयोगी पडते, कारण या दिवसांत ‘हा कोण’ या प्रश्नापेक्षा ‘हा काय करीत आहे’ हा प्रश्न अधिक मोलाचा असतो.

सूर्योदयापूर्वी नांदेड सोडले तर पहिला तास फार फलदायी होतो. रस्त्याकडेच्या तारांवर काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल बसलेला दिसतो. नाव किती यथार्थ आहे ते उन्हाळ्यातच कळते. घरट्यात अंडी असली म्हणजे हा मुठीएवढा पक्षी कावळ्यावर, घारीवर, प्रसंगी शिकऱ्यावरही तुटून पडतो व त्यांना आपल्या झाडाच्या हद्दीबाहेर पिटाळून लावतो. या कोतवालीचा लाभ शेजारीही घेतात. हळद्या आणि होले यांची घरटी पुष्कळदा कोतवालाच्या झाडावर किंवा त्याच्या लगतच आढळतात. दुबळ्याने सबळाच्या आश्रयास राहावे ही रीत केवळ मनुष्यसमाजातच आहे असे नाही.

तारेवर दुसरा हटकून भेटणारा पक्षी म्हणजे नीलकंठ. बसला असताना तो मळकट तांबूस दिसतो. उडाला की पंखांतील निळाईचे दोन पट्टे असे झळकतात की पाहणाऱ्याचे भान हरपावे. दसऱ्याला याचे दर्शन शुभ मानतात, आणि शेजारच्या तेलंगणाने त्याला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. परंतु त्याचा खरा उत्सव उन्हाळ्यात असतो. मादीला रिझविण्यासाठी नर उंच चढतो, कर्कश ओरडत खाली झेपावतो आणि झेपावताना अंग डावी-उजवीकडे हेलकावून कोलांट्या घेतल्यासारखे करतो. त्याला घरटे बांधता येत नाही. जुन्या झाडाची ढोली किंवा पडक्या भिंतीतील भोक हेच त्याचे घर असते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आमराईजवळ गाडी थांबविली तर कोकिळाचा स्वर ऐकू येतो. कोकीळ वसंतात कोठूनसा येतो व पावसाळ्यानंतर निघून जातो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो बहुधा येथेच असतो, फक्त थंडीत मौन धारण करतो. ‘कुहू’ हा स्वर नराचा आहे. काळाभोर रंग आणि लाल डोळे ही त्याची खूण होय. मादी तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात, आणि तिचा आवाज म्हणजे घाईघाईने केलेले ‘किक्-किक्-किक्’ एवढेच. कावळ्यांची वीण याच दिवसांत होत असल्यामुळे कोकिळेची अंडी कावळ्याच्या घरट्यात जाऊन पडतात. नराच्या गाण्याला जो बहर येतो तो कावळ्याच्या संसाराशी असा बांधलेला आहे.

आता कोणीही विचारील की, पाणी आटलेले, झाडे निष्पर्ण, जमीन तापलेली, अशा काळात पक्ष्यांनी संसार मांडावा हे विपरीत नव्हे काय? याचे उत्तर पंचांगाच्या हिशेबात आहे. घरटे बांधणे, अंडी घालणे, ती उबविणे आणि पिले उडती करणे यांस लहान पक्ष्यालाही महिना-सव्वा महिना लागतो. वैशाखात आरंभ केला तर मृगाचा पाऊस पडून जमिनीतून किड्यांची पैदास सुरू होण्याच्या सुमारास घरट्यात भुकेली चोच वासलेली असते, किंवा नवी पिले नुकतीच बाहेर पडून स्वतः खाणे शिकत असतात. शेतकरी ज्याप्रमाणे पावसापूर्वी नांगरट व वखरणी उरकून ठेवतो, त्याचप्रमाणे पक्षीही आपली मशागत आधी करून ठेवतात. दरम्यानच्या काळासाठी निसर्गाने दुसरी सोयही केली आहे. वड, पिंपळ व उंबर यांची फळे उन्हाळ्यात पिकतात आणि त्यांवर महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल, तांबट, मैना व धनेश यांचा निर्वाह चालतो.

अर्थात सर्वांचे पंचांग एक नसते. सुगरणीला घरटे विणण्यास हिरव्या गवताचे लांब, लवचिक धागे लागतात. म्हणून ती पावसाची वाट पाहते, आणि वैशाखात विहिरीवरच्या बाभळीला लोंबताना दिसतात ती तिची गतवर्षीची रिकामी घरटी असतात. सातभाईंच्या घरट्यात अंडी टाकणारा चातकही पावसाच्या आगेमागेच दिसू लागतो. टिटवीचे याच्या उलट आहे. तिला उघडी, गवतविरहित जमीन हवी असते. पाऊस पडून सर्वत्र गवत माजण्यापूर्वी जितके उरकेल तितके तिला बरे. तात्पर्य, प्रत्येकाने आपल्या गरजेनुसार मुहूर्त काढलेला असतो.

मुहूर्त कितीही योग्य असला तरी ऊन हे ऊनच असते. पक्ष्याच्या अंगाचे तापमान मूळचेच मनुष्यापेक्षा अधिक, सुमारे ४० ते ४२ अंश असते. हवा त्याहून तापली की अंगातील उष्णता आपोआप बाहेर जाण्याचा मार्ग बंद होतो. पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नसतात. तेव्हा तोंड व श्वासमार्ग यांतील ओलावा वाफेच्या रूपाने बाहेर टाकणे हाच त्याला थंड होण्याचा मुख्य उपाय उरतो. भर दुपारी लिंबाच्या सावलीत चोच उघडी टाकून बसलेला कावळा थकलेला दिसतो, परंतु तो धापा टाकून आपले शरीर निववीत असतो. पारवे, बगळे, घुबडे यांच्या गळ्याची कातडी अशा वेळी भराभर थरथरते. तीही हीच युक्ती होय. या युक्तीला किंमत मोजावी लागते, आणि ती पाण्याच्या रूपाने. म्हणून उन्हाळ्यात पक्ष्याचे जीवित सावली आणि पाणी या दोन गोष्टींवर टांगलेले असते. रस्त्याने जाताना जेथे पक्षी दाट दिसतील तेथे या दोहोंपैकी एक तरी जवळ आहे, असे खुशाल समजावे.

अंड्यांना तर धापाही टाकता येत नाहीत. त्यांच्यासाठी आईबापांनी केलेल्या खटपटी पाहिल्या म्हणजे थक्क व्हावयास होते. टिटवी उघड्या मुरमावर चार अंडी घालते. दुपारच्या उन्हात ती त्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, तर छाया देण्यासाठी. मधूनच ती जवळच्या डबक्यावर जाते, पोटाची पिसे भिजविते आणि परत येऊन ओल्या पोटाने अंडी गार करते. पखुर्डी, म्हणजेच ज्याला पुष्कळ ठिकाणी भाट तीतर म्हणतात, त्या पक्ष्याच्या कुळात तर बाप पिलांसाठी पाणी वाहून आणतो. त्याच्या पोटाच्या पिसांची रचना अशी असते की ती बोळ्याप्रमाणे पाणी धरून ठेवतात, आणि तो माळावर परतला की पिले ती पिसे चोखून तहान भागवितात. १८९६ साली मीड-वॉल्डो या इंग्रज गृहस्थाने पाळलेल्या पक्ष्यांवरून ही गोष्ट प्रथम सांगितली तेव्हा तिच्यावर सहसा कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे १९६७ साली केड व मॅक्लीन या संशोधकांनी आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटात प्रत्यक्ष पाहून तिची सत्यता प्रस्थापित केली. सत्तर वर्षे जी गोष्ट पंडितांना दंतकथा वाटली, ती पखुर्ड्या मात्र उन्हाळ्यात निमूटपणे करीत आल्या आहेत.

हदगावच्या अलीकडे-पलीकडे मुरमाड माळाचे जे पट्टे लागतात त्यांकडे ‘पडीक’ म्हणून दुर्लक्ष करण्याची चाल आहे. पक्ष्यांच्या दृष्टीने ती भरवस्ती असते. येथे डोंबारी या नावाचा चिमणीएवढा चंडोल राहतो. नर सरळ आकाशात चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकणार इतक्यात पुन्हा वर उसळतो, आणि हा खेळ पुनःपुन्हा करतो. ज्याने हे नाव ठेवले त्याने डोंबाऱ्याचा खेळ व हा पक्षी दोन्ही बारकाईने पाहिले असले पाहिजेत. अशाच नांगरटीवर व माळावर धाविक नावाचा तांबूस, उंच पायांचा पक्षी थोडे धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. थबकला की मातीत मिसळून जातो. या सर्वांची अंडी मातीच्याच रंगाची असतात. चार पावलांवरून मनुष्य गेला तरी ती त्याला दिसत नाहीत, हे त्यांचे संरक्षण होय, आणि तेच त्यांचे संकटही आहे. कारण न दिसणाऱ्या वस्तूवर पाय किंवा चाक पडावयास वेळ लागत नाही.

टिटवीविषयी खेड्यापाड्यांतून एक समजूत रूढ आहे. तिने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, आणि नदीनाल्याच्या पात्रात घातली तर पाऊस बेताचा. दरवर्षी मे महिन्यात याची चर्चा होते. शास्त्र एवढेच सांगते की टिटवी त्या वेळी मिळेल ती उघडी व पाण्याच्या आसपासची जागा निवडते. पात्र आटलेले असले तर पात्र, नसले तर माळ, शेताचा बांध, क्वचित घराची गच्चीसुद्धा. पुढील पावसाचे ज्ञान तिला असल्याचा पुरावा नाही. तथापि या समजुतीला हसण्याचे कारण नाही. टिटवीने अंडी कोठे घातली हे ज्याला माहीत असे तो शेतकरी आपली जमीन किती डोळसपणे पाहत होता, हे तीवरून दिसते. पावशाच्या ओरडण्यात ‘पेरते व्हा’ हे शब्द ऐकणारे कानही त्याचेच. अनुमान चुकले तरी निरीक्षण खरे होते. आज पावसाचा अंदाज यंत्रावर कळतो, हे चांगलेच झाले. मात्र त्याबरोबर टिटवीकडे पाहणारे डोळेही मिटले, तर मिळविले त्याहून गमावले अधिक असे म्हणावे लागेल.

विहिरी आणि नदी यांविषयीही असेच. दगडी बांधणीच्या जुन्या विहिरीच्या कपारीत पारवे व मैना घरटी करतात, आणि काठावरच्या फांदीवरून खंड्या खाली टेहळणी करीत बसतो. पैनगंगेचे पात्र वैशाखात आकसून डोहाडोहांत उरते. उभ्या मातीच्या दरडीत वेडा राघू चोचीने व पायांनी बोगदा खणतो आणि त्याच्या टोकाशी अंडी घालतो. बाहेर ऊन रणरणत असले तरी आतील हवा पुष्कळ गार राहते. तळघरात दुपार काढण्याची जी रीत आपल्या जुन्या वाड्यांतून होती, तीच ही. काठावरील साधा बगळाही या दिवसांत निरखून पाहावा. थंडीत मळकट तपकिरी दिसणारी ढोकरी आता पाठीवर गडद तांबडी शाल पांघरते, आणि गुरांमागे फिरणाऱ्या पांढऱ्या गायबगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर केशरी छटा चढते. नवशिक्यास हे निराळेच पक्षी वाटतात. वस्तुतः तो त्यांचा विणीचा पोशाख असतो.

परतीच्या प्रवासात अंधार पडला तर आणखी एक ओळख होते. तापलेल्या डांबरावर पाचोळ्याच्या रंगाचा एक पक्षी बसलेला असतो आणि मोटारीच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्याप्रमाणे चमकतात. तो रातवा होय. रात्री उडणारे किडे टिपावयास तो मोकळ्या जागी बसतो, आणि चौपदरी रस्त्याइतकी मोकळी जागा दुसरी कोणती असणार? त्याला वेगाचा अंदाज येत नाही. चालकाने गती थोडी कमी केली आणि दिवे क्षणभर मंद केले तर तो उठून जातो, न केली तर सकाळी रस्त्यावर चपटी झालेली पिसे तेवढी आढळतात.

येथवर जे सांगितले त्यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. चैत्र ते ज्येष्ठ हा या पक्ष्यांच्या बाळंतपणाचा काळ आहे. दुर्दैवाने मनुष्याच्या साफसफाईचाही नेमका तोच काळ आहे. पेरणीपूर्वी शेताचे बांध पेटविले जातात. उसाचे पाचट जाळले जाते. पाऊस येण्यापूर्वी विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या तोडल्या जातात. रस्त्याचे, मुरमाचे, वाळूचे काम पावसाआधी उरकावयाचे असते. विहिरी उपसावयाच्या असतात. यांतील कोणतेही काम दुष्टपणाचे नाही, बहुतेक आवश्यकच आहे. परंतु बांधाच्या काटेरी झुडपात तित्तिराची अंडी असतात, तोडलेल्या फांदीवर होल्याचे घरटे असते, आणि उकरलेल्या दरडीत राघूची पिले असतात. हिवाळ्यात हेच काम केले तर पक्षी उडून दुसरीकडे जातो. उन्हाळ्यात त्याला जाता येत नाही, कारण त्याचे सर्वस्व तेथेच अडकलेले असते.

धनेशाचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. हा करड्या रंगाचा, बाकदार मोठ्या चोचीचा पक्षी वड-पिंपळांच्या आश्रयाने राहतो. अंडी घालण्याची वेळ आली की मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व चिखल यांनी ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत असताना तिची उडण्याची पिसे गळतात व नवी येतात. म्हणजे त्या आठवड्यांत ती उडू म्हटले तरी उडू शकत नाही. नर उंबराची फळे, किडे, सरडे आणून त्या फटीतून तिला आणि पुढे पिलांना भरवितो. अशा झाडावर वैशाखात कुऱ्हाड किंवा यंत्राची करवत चालली, तर आत कोण कोंडलेले आहे हे तोडणाऱ्याला ठाऊकही नसते. नीलकंठ, पिंगळा, पोपट, मैना हेही ढोलीतच राहणारे. नवे रोप लावून झाडाची संख्या भरून निघेल, परंतु ढोली पडण्याइतके वय त्या रोपाला येण्यास एक-दोन पिढ्या लागतात. रस्ता रुंद होणे ही लोकांची गरज आहे, ती कोणी नाकारीत नाही. मात्र वीस रोपे म्हणजे एक जुना वड, हा हिशेब पक्ष्यांच्या वहीत मांडता येत नाही, हे जाणून घेतले पाहिजे.

कायदाही याविषयी मूक नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना इजा पोहोचविणे किंवा ती विस्कळीत करणे यांचा समावेश केलेला आहे. तथापि कायद्याचा हात प्रत्येक बांधापर्यंत पोहोचत नाही, आणि केवळ कायद्याने काय साधते तेही आपण पाहिले आहे. माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली अभयारण्य झाले. असे असूनही हा डौलदार पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला, कारण त्याला लागणारा विस्तीर्ण माळच सभोवती उरला नाही. आज जे पक्षी विपुल आहेत ते उद्याही राहतील असे गृहीत धरण्याची चूक त्या अनुभवानंतर तरी होऊ नये.

मग सामान्य गृहस्थाने करावयाचे काय? पुष्कळ करता येते, आणि ते सर्व सोपे आहे. ज्याच्या मालकीचे शेत आहे त्याने बांध पेटविण्यापूर्वी एकदा काठी आपटीत त्यावरून चालून जावे. पक्षी उठला तर तेवढा तुकडा महिनाभर सोडून द्यावा. अंगणातील झाडाच्या फांद्या छाटावयाच्या तर त्या थंडीत छाटाव्यात. गच्चीवर किंवा ओट्यावर मातीच्या उथळ परळात पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे. घरटे दिसले तर कौतुकाने मुलांना दाखवावे, पण दुरून. वरचेवर जवळ गेल्यास आईबाप घरटे सोडतात, आणि कावळ्याला तर आयतीच वाट सापडते. प्रवासात असताना पहाटे निघावे, सावलीच्या जागी गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी करावी व आतच बसून पाहावे. पायी येणाऱ्या माणसाला पक्षी जितके बुजतात तितके उभ्या गाडीला बुजत नाहीत.

जवळ एक लहानशी वही असावी. तीत तारीख, गावाचे नाव, झाड किंवा जागा, आणि पक्षी काय करीत होता एवढे चार शब्द लिहावेत. नाव न कळले तरी हरकत नाही. आकार, रंग, चोच व शेपूट यांची टीप ठेवावी आणि घरी आल्यावर ताडून पाहावे. मराठीत आता याची साधने उपलब्ध आहेत. वनाधिकारी असलेल्या मारुती चितमपल्ली यांनी रानावनात हिंडून, ठिकठिकाणच्या लोकांच्या तोंडची नावे गोळा करून ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २०२५ साली ते दिवंगत झाले, परंतु त्यांचे ते कार्य कोणत्याही मराठी घराच्या कपाटात मानाने ठेवावे असे आहे. दोन-तीन उन्हाळे अशा नोंदी केल्या की वहीचे मोल वाढू लागते. कोणत्या वडावर यंदा धनेश आला नाही, कोणत्या माळावर टिटवी पुन्हा आली, हे तीवरून कळते, आणि एखाद्या झाडाच्या रक्षणासाठी चार शब्द बोलावयाची वेळ आली तर हाती पुरावा असतो.

पाहुण्यांचे आदरातिथ्य करण्यात मराठी माणूस मागे नाही. थंडीतील परदेशी पक्षी पाहावयास आता पुष्कळ लोक जाऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जे वर्षभर आपल्या शेजारी राहतात, आपल्या पिकांवरील किडे खातात, आपल्याच विहिरीचे पाणी पितात आणि आपल्याच उन्हात पिले वाढवितात, त्यांचा विसर पडू देणे हे शेजारधर्मास शोभणारे नाही. मृगाचा पहिला पाऊस पडून मातीचा वास सुटेल, तेव्हा हदगावच्या माळावर मुरमाच्याच रंगाची, गोट्याएवढी टिटवीची पिले उंच पायांवर धावू लागतील. ती तेथे दिसावीत असे वाटत असेल, तर त्यांची काळजी त्याआधीच्या दोन महिन्यांत, भर उन्हात घेतली पाहिजे.